रॉक संगीतकार पैसा कसा कमावतात आणि महागडी चित्रं कशी घेतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉक बँडचा मुख्य पैसा अल्बमच्या विक्रीतूनच येतो ना?

एके काळी बराचसा यायचा, पण तेव्हाही सगळ्यांना सारखा मिळत नव्हता. आज मोठ्या बँडची रोखीची कमाई दौऱ्यांतून होते. टिकणारी संपत्ती मात्र हक्कांतून उभी राहते. दौरा थांबला की त्याचं उत्पन्न थांबतं. हक्क मात्र माणूस घरी बसला तरी दर तिमाहीला किंवा सहामाहीला काही ना काही देत राहतात. लाखो डॉलरची चित्रं घेणारे संगीतकार पाहिले तर बहुतेक जण एक तर स्वतः गाणी लिहिणारे असतात, नाहीतर गाण्यांचं उत्पन्न सगळ्यांत वाटून घेणाऱ्या बँडमधले.

एकाच गाण्यावर दोन हक्क असतात म्हणजे नेमकं काय?

पहिला हक्क गाण्याच्या रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा. त्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. रचनेचा हक्क गीतकार-संगीतकाराकडे आणि त्याच्या पब्लिशरकडे (त्याच्या वतीने हक्कांचं काम बघणाऱ्या कंपनीकडे) असतो, मास्टर बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे. दुसऱ्या कुणी तेच गाणं नव्याने गायलं तर मूळ गायकाला दमडी मिळत नाही, रचनाकाराला मिळते. जाहिरातीत किंवा चित्रपटात मूळ ध्वनिमुद्रण वापरायचं असेल तर दोन्हीकडून स्वतंत्र परवाना लागतो आणि शुल्क बहुधा दोघांना समसमान असतं.

रेडिओचं प्रकरण तर आणखी विचित्र आहे. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की फक्त रचनाकाराला पैसे मिळतात. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला काहीच नाही. इंटरनेट आणि उपग्रह रेडिओवर मात्र साउंडएक्स्चेंज ही संस्था वसुली करते आणि ५० टक्के मास्टरच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकारांना आणि ५ टक्के साथीदारांच्या निधीला देते. ब्रिटनमध्ये साध्या रेडिओचेही पैसे कलाकाराला मिळतात. तिथे हे काम पीपीएल ही संस्था बघते.

बँडमधला एखादाच गडगंज आणि बाकीचे बेताचे, असं का होतं?

गाण्याखाली नाव कुणाचं, यावर सगळं ठरतं. एक हिशेब करून पाहू. अमेरिकेत २०२५ साठी अल्बमच्या प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे दर गाण्याला १२.७ सेंट हा ठरलेला दर होता. दहा गाण्यांचा अल्बम, सगळी गाणी एकाच माणसाची. म्हणजे प्रतीमागे १.२७ डॉलर. अडीच लाख प्रती खपल्या तर ३,१७,५०० डॉलर. पब्लिशरने २० टक्के घेतले तरी २,५४,००० डॉलर त्या एकट्याचे. हे पैसे पहिल्या प्रतीपासून सुरू होतात. कंपनीची उचल फिटण्याची वाट बघावी लागत नाही. त्याच अल्बमवर ड्रम वाजवणाऱ्याच्या हाती तोवर कंपनीकडून एक डॉलरही आलेला नसू शकतो. कसं, ते पुढच्या उत्तरात.

करारात एक चोरटं कलम असतं ते मात्र बघा. त्याने कलाकाराने स्वतः लिहिलेल्या गाण्यांचा दर तीन चतुर्थांशावर आणला जातो आणि गाण्यांच्या संख्येवरही मर्यादा येते. वरच्या हिशेबात १.२७ चे साधारण ९५ सेंट होतात.

क्वीन या ब्रिटिश बँडचं उदाहरण या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं. १९७५ च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं गाणं होतं. ते फारसं कुणी मुद्दाम ऐकलं नसेल, पण विकलेल्या प्रत्येक तबकडीवर मागच्या गाण्यालाही पुढच्याइतकेच पैसे. यावरून बँडमध्ये बरीच धुसफूस झाली. १९८९ च्या अल्बमपासून त्यांनी गाण्यांखाली चौघांचं सामाईक नाव लावायला सुरुवात केली.

आपसात काहीच लिहून ठेवलं नसेल तर वाटणी कशी होते?

कोर्ट ठरवतं, आणि ते महागात पडतं. ब्रिटनमध्ये भागीदारीत वेगळा करार सिद्ध करता आला नाही तर वाटा समान धरतात. द स्मिथ्स या बँडच्या ड्रमरने याच मुद्द्यावर १९९६ मध्ये ध्वनिमुद्रण आणि कार्यक्रमांच्या उत्पन्नातला आपला वाटा १० वरून २५ टक्क्यांवर नेला. प्रोकोल हॅरम या बँडच्या १९६७ च्या सर्वांत गाजलेल्या गाण्यातला ऑर्गनचा तुकडा ज्याने रचला, त्याला हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने) २००९ मध्ये संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला, पण उत्पन्न मात्र दावा केल्यापासूनचं, म्हणजे २००५ पासूनचं. आधीची अडतीस वर्षं गेली ती गेलीच. गाणं तयार झालं त्याच आठवड्यात एका कागदावर नावं, टक्केवारी आणि सह्या असल्या तर हे सगळं टळतं.

रेकॉर्ड कंपनीची उचल परत करावी लागते का?

खिशातून नाही, पण कमाईतून वळती होते. समजा उचल आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च मिळून ४ लाख डॉलर, आणि बँडची रॉयल्टी दर प्रतीला १.६० डॉलर. म्हणजे अडीच लाख प्रती विकल्या जाईपर्यंत बँडच्या खात्यात रॉयल्टी शून्य. दरम्यान, प्रतीला १० डॉलर घाऊक भाव धरला तर कंपनीकडे २५ लाख डॉलर जमा झालेले असतात. कंपनीचे पैसे कधीच वसूल झाले, बँडचं खातं आत्ता कुठे शून्यावर आलं! व्हिडिओचा निम्मा खर्च आणि दौऱ्याला दिलेली मदतही त्यातच धरतात. पहिल्या अल्बमची तूट दुसऱ्याच्या कमाईतून भरून घेण्याचं कलम असेल तर दुसरा अल्बम गाजूनही हात कोरडेच राहतात.

अमेरिकेत एक सुटका आहे. १९७८ पासून पुढे दिलेले हक्क ३५ वर्षांनी परत मागता येतात. त्यासाठी किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त दहा वर्षं आधी लेखी नोटीस द्यावी लागते. तारीख चुकली की संधी हुकते. ध्वनिमुद्रण ‘नोकरीत केलेलं काम’ होतं, म्हणून ही सुटका त्याला लागू नाही असं कंपन्या म्हणतात, आणि भांडण तिथेच पेटतं.

स्ट्रीमिंगमधून काही पदरात पडतं का?

जुना, मोठा संग्रह असेल तर चांगलं पडतं. ‘एका वेळेला इतके पैसे’ असा ठरलेला दर नसतो. स्पॉटिफाय आपल्या उत्पन्नाचा साधारण दोन तृतीयांश भाग हक्कधारकांना देतं आणि तो एकूण ऐकण्यातल्या वाट्यानुसार विभागला जातो. २०२४ पासून बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेलं गाणं ध्वनिमुद्रणाच्या वाटणीतच धरत नाहीत. शिवाय इथे मास्टरचा वाटा रचनेच्या वाट्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून मास्टर स्वतःकडे असणं आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाचं झालंय.

स्टेडियम भरलं तर बँडला किती उरतं?

तिकिटांचे १० लाख डॉलर आले असं धरू. जागेचं भाडं, सुरक्षा, जाहिरात असा कार्यक्रमाचा खर्च साडेतीन लाख. उरलेल्या साडेसहा लाखांपैकी ८५ टक्के बँडचे, म्हणजे ५,५२,५००. त्यातून एजंटचे १० टक्के, व्यवस्थापकाचे १५ टक्के, हिशेब बघणाऱ्याचे ५ टक्के गेले की ३,८६,७५०. मग बँडचा स्वतःचा खर्च : ट्रक, दिवे, ध्वनियंत्रणा, कामगारांचे पगार, हॉटेलं, विमा. तो दर कार्यक्रमाला दोन लाख धरला तर १,८६,७५० उरतात. चौघांत वाटल्यावर प्रत्येकी ४६ हजार सातशेच्या आत, तेही कर भरण्याआधी.

यात वाचवण्याची खरी जागा व्यवस्थापकाच्या टक्केवारीत आहे. त्याचे १५ टक्के खर्चाआधीच्या रकमेवर काढले तर ८२,८७५ होतात, दोन लाख वजा करून काढले तर ५२,८७५. एका कार्यक्रमाला ३० हजारांचा फरक, साठ कार्यक्रमांच्या दौऱ्यात १८ लाख डॉलर. करारातल्या एका ओळीने एवढं होतं.

यू-टू या आयरिश बँडच्या २००९ ते २०११ च्या ३६० अंशांच्या दौऱ्याने सुमारे ७३.६ कोटी डॉलरची तिकिटं विकली. पण त्या अगडबंब पंजासारख्या रंगमंचाचे तीन संच एकाच वेळी फिरत होते. एकावर कार्यक्रम चालू, दुसरा पुढच्या शहरात उभा होतोय, तिसरा मागच्या शहरात उतरतोय. त्यामुळे कार्यक्रम नसलेल्या दिवशीही खर्चाचं मीटर पळत असतं.

टी-शर्टमधून चांगला पैसा येतो, पण सभागृहवाले विक्रीच्या २० ते ३५ टक्के मागतात. हा आकडा आधी घासाघीस करून ठरवावा. दाराशी पोचल्यावर कुणी ऐकत नाही.

सगळी गाणी विकून टाकतात, ती का? भाव कसा ठरतो?

गेल्या काही वर्षांचं सरासरी निव्वळ उत्पन्न काढतात आणि त्याला एका पटीने गुणतात. ही पट गाणी किती जुनी आहेत, उत्पन्न किती स्थिर आहे आणि बाजारात व्याजदर काय आहे यावर ठरते. व्याज स्वस्त होतं तेव्हा पटी वीसच्या वर गेल्या, व्याज चढल्यावर खाली आल्या. बॉब डिलनने २०२० मध्ये गाण्यांच्या रचनांचे हक्क युनिव्हर्सलला विकले. ब्रूस स्प्रिंगस्टीनने २०२१ मध्ये रचना आणि मास्टर दोन्ही सोनीला दिले, बातम्यांतला आकडा ५० कोटी डॉलरच्या आसपासचा होता. २०२४ मध्ये पिंक फ्लॉइडच्या ध्वनिमुद्रणांसाठी सोनीने सुमारे ४० कोटी डॉलर दिल्याचं प्रसिद्ध झालं.

कारणं तीन. वय झालेलं असतं आणि वारसांत भांडणं नको असतात. एकाच टोपलीतला पैसा बाहेर काढून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायचा असतो. आणि तिसरं कारण कराचं. अमेरिकेत रॉयल्टीवर साध्या उत्पन्नासारखा कर लागतो, सर्वोच्च दर ३७ टक्के. २००६ पासून गीतकाराला आपली गाणी विकताना ती रक्कम भांडवली नफा म्हणून दाखवता येते, तिथला सर्वोच्च दर २० टक्के. कोट्यवधींच्या व्यवहारात या फरकातून एखादा चांगला चित्रसंग्रह सहज उभा राहतो.

हक्क न विकता मोठी रक्कम उभी करता येते का?

डेव्हिड बोवीने करून दाखवलं. १९९७ मध्ये त्याने १९९० पूर्वीच्या २५ अल्बमच्या उत्पन्नावर रोखे काढले : ५.५ कोटी डॉलर, मुदत दहा वर्षं, व्याज ७.९ टक्के. सगळे रोखे प्रुडेन्शियल विमा कंपनीने घेतले. त्या पैशातून त्याने जुन्या व्यवस्थापकाकडे असलेला आपल्याच गाण्यांतला वाटा सोडवून घेतला. पुढे फुकट डाउनलोडमुळे रेकॉर्डचा धंदा घसरला आणि २००४ मध्ये मूडीज या पतमानांकन संस्थेने या रोख्यांचं मानांकन ‘कचरा’ म्हणजे जोखमीच्या रोख्यांच्या जेमतेम एक पायरी वर आणून ठेवलं. तरी फेड पूर्ण झाली आणि हक्क बोवीकडे परत आले. धोका विमा कंपनीने उचलला, रोकड याने वापरली. असा सौदा फार थोड्यांना जमला.

दौऱ्याच्या कमाईवर कर कुठे भरायचा?

जिथे वाजवलं तिथे आधी, घरी नंतर. अमेरिका परदेशी कलाकाराच्या एकूण मानधनातून ३० टक्के कापून घेते, आणि तेही खर्च वजा न करता. वरच्या हिशेबात बँडच्या हाती एकतृतीयांश रक्कम राहते, म्हणजे जवळजवळ सगळा नफा कापणीत अडकतो. म्हणून दौरा सुरू होण्याआधी कर खात्याशी करार करून निव्वळ उत्पन्नावर कापणी ठरवून घेतात. अर्ज पहिल्या कार्यक्रमाच्या किमान ४५ दिवस आधी जावा लागतो. ब्रिटनमध्ये कापणी २० टक्के. कापलेल्या कराचे दाखले जपून ठेवले नाहीत तर मायदेशी त्याची वजावट मिळत नाही आणि एकाच कमाईवर दोनदा कर बसतो.

करासाठी देश बदलण्याची परंपराही जुनी. रोलिंग स्टोन्स १९७१ मध्ये फ्रान्सला गेले. आयर्लंडने कलाकारांच्या करमाफीवर वर्षाला अडीच लाख युरोची मर्यादा आणल्यावर यू-टूने गाण्यांच्या हक्कांचं काम २००६ मध्ये नेदरलँड्सला हलवलं आणि भरपूर शिव्या खाल्ल्या.

एवढं कमावून काही जण कंगाल कसे होतात?

सह्यांचे अधिकार एकाच माणसाकडे देऊन. स्टिंगच्या हिशेबनिसाने त्याचे सुमारे ६० लाख पौंड लांबवले, आणि खाती इतकी पसरलेली की स्टिंगच्या ते लक्षातही आलं नव्हतं. हिशेबनीस १९९५ मध्ये तुरुंगात गेला. हिशेब लिहिणारा आणि पैसे देणारा वेगळा ठेवावा, ठरावीक रकमेच्या वर दोन सह्या असाव्यात, आणि दर दोन-तीन वर्षांनी रेकॉर्ड कंपनीच्या वह्या बाहेरच्या तपासनिसाकडून बघून घ्याव्यात. करारात तपासणीची मुदत असते. ती टळली की चुकीचा हिशेबही बरोबर मानला जातो.

मग चित्रं परवडतात ती नेमकी कशी?

खूप पैसे देऊन घेतली म्हणून नव्हे. बऱ्याच गाजलेल्या संग्रहांतली मोलाची चित्रं आज वाटतात त्या मानाने स्वस्तात आणि लवकर घेतलेली आहेत. पॉल मॅकार्टनीने साठच्या दशकात रॉबर्ट फ्रेझर या लंडनच्या विक्रेत्याकडून बेल्जियन चित्रकार मॅग्रिटची चित्रं घेतली. त्यातल्याच एका हिरव्या सफरचंदावरून बीटल्सच्या ॲपल कंपनीचं चिन्ह सुचलं. यू-टूने १९८९ मध्ये अमेरिकन चित्रकार बास्कियाचं एक चित्र घेऊन डब्लिनच्या स्टुडिओत टांगलं, ते २००८ मध्ये सदबीज या लिलावगृहात ५१ लाख पौंडांना गेलं. बोवीने बास्कियाचं ‘एअर पॉवर’ १९९५ मध्ये ७८,५०० पौंडांना घेतलं होतं. २०१६ मध्ये त्याच्या पश्चात ते सुमारे ७१ लाख पौंडांना विकलं गेलं.

गिटारवादक एरिक क्लॅप्टनने २००१ मध्ये जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरची तीन अमूर्त चित्रं सदबीजच्या एकाच लिलावात मिळून ३४ लाख डॉलरला घेतली. एक २०१२ मध्ये ३.४२ कोटी, दुसरं २०१३ मध्ये २.०९ कोटी आणि तिसरं २०१६ मध्ये २.२१ कोटी डॉलरला गेलं. तिन्ही एकदम बाजारात आणली असती तर एकमेकांचा भाव पाडला असता. इथे त्याचा गिटारवादनापेक्षा संयम जास्त कामाला आला, असं आमचं मत. एल्टन जॉनने १९९१ च्या सुमारास छायाचित्रं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा फार थोड्या संग्राहकांचं तिकडे लक्ष होतं. २०१६ मध्ये त्याच छायाचित्रांचं प्रदर्शन लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाने भरवलं.

लिलावात बोलीपेक्षा जास्त पैसे का द्यावे लागतात?

हातोडा पडतो तो आकडा आणि बिलाचा आकडा वेगळा. क्रिस्टीज या लिलावगृहाने २०२३ मध्ये लावलेल्या दरांनुसार पहिल्या १० लाख डॉलरवर २६ टक्के, त्यापुढे ६० लाखांपर्यंत २० टक्के आणि वर १४.५ टक्के अशी खरेदीदाराची दलाली होती. म्हणजे २० लाखांच्या बोलीवर २,६०,००० अधिक २,००,०००. बिल २४.६ लाखांचं, वर स्थानिक विक्रीकर, पॅकिंग आणि वाहतूक वेगळी. बातम्यांत छापून येणारे आकडे दलालीसकट असतात, त्यामुळे विकणाऱ्याच्या हाती कमी पडतं. वरचे क्लॅप्टनचे आकडेही तसेच आहेत.

बोली लावण्याआधी चित्राच्या अवस्थेचा लेखी अहवाल मागवावा आणि स्वतःच्या जाणकाराला ते चौकटीबाहेर काढून, अतिनील दिव्याखाली बघायला लावावं. नंतर केलेलं रंगकाम त्या प्रकाशात गडद डागांसारखं उठून दिसतं. कमाल आकडा दलाली धरून आधीच कागदावर लिहावा. बोलीच्या गरमागरमीत तो डोक्यात राहत नाही.

चित्र अस्सल आहे याची खात्री कोण देतं?

पूर्वी काही कलावंतांच्या वारसांच्या समित्या देत. वॉरहॉलची आणि बास्कियाची समिती २०१२ पर्यंत बंद पडल्या, कारण कोर्टकचेऱ्या परवडेनात. आता भिस्त मालकीच्या साखळीवर : स्टुडिओपासून तुमच्यापर्यंत प्रत्येक मालक, प्रत्येक पावती, प्रत्येक प्रदर्शन. साखळीत वीस वर्षांची पोकळी आणि ‘एका अनामिक संग्राहकाकडून’ अशी गोष्ट असेल तर हात मागे घ्यावा. न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीतून अशाच गोष्टीच्या जोरावर रॉथको आणि पोलॉक या चित्रकारांच्या नावाने सुमारे ८ कोटी डॉलरची बनावट चित्रं विकली गेली, तीही मुरलेल्या संग्राहकांना. ती गॅलरी २०११ मध्ये बंद झाली. २०२२ मध्ये एफबीआयने ऑर्लँडोच्या संग्रहालयातून बास्कियाची म्हणून टांगलेली २५ चित्रं उचलून नेली. चोरीचा माल नाही ना, हे आर्ट लॉस रजिस्टर या चोरीच्या कलावस्तूंच्या नोंदवहीत शोधून बघता येतं.

घरी लावायचं की गोदामात ठेवायचं?

तैलचित्राला साधारण २०० लक्स (प्रकाश मोजायचं एकक), कागदावरच्या कामाला आणि छायाचित्रांना ५० लक्सच्या वर प्रकाश नको. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर हवी. आर्द्रता सारखी वरखाली झाली की कॅनव्हास ताणतो, सैल पडतो आणि रंगाला भेगा जातात. स्टुडिओत टांगणाऱ्यांनी सिगारेटचा धूर आणि एसीचा थेट झोत यांपासून चित्र लांब ठेवावं. विम्यात ‘ठरवून घेतलेली किंमत’ असावी आणि ती दर दोन-तीन वर्षांनी वाढवावी. नाहीतर दहा वर्षांपूर्वीच्या किमतीवर भरपाई मिळते.

चित्र तारण ठेवून कर्ज मिळतं का?

मिळतं. बहुधा मूल्यांकनाच्या ४० ते ५० टक्के. दौऱ्याच्या तयारीसाठी रोकड हवी असताना चित्र न विकता हे करता येतं. भाव पडला तर सावकार वाढीव तारण मागतो, आणि नेमक्या त्या वेळी बाजारात गिऱ्हाईक नसतं.

‘अमुक रॉकस्टारचं’ म्हणून जास्त भाव येतो का?

वस्तूंना प्रचंड, चित्रांना कमी. फ्रेडी मर्क्युरीच्या संग्रहाचा २०२३ मधला सदबीजचा लिलाव ३.९९ कोटी पौंडांचा झाला. त्यात मिशी विंचरायची चांदीची छोटी फणी होती. अंदाज ४०० ते ६०० पौंड, विक्री दीड लाखाच्या वर. चित्राच्या बाबतीत नावामुळे गर्दी होते आणि मालकीची साखळी निर्विवाद ठरते. चांगल्या चित्राला त्याचा फायदा होतो, सुमार चित्र त्याने तरत नाही.

गाण्यासारखी चित्रकाराला पुढच्या विक्रीत रॉयल्टी मिळते का?

ब्रिटन आणि युरोपीय संघात मिळते, अमेरिकेत केंद्रीय कायद्याने नाही. ब्रिटनमधले दर उतरते आहेत : पहिल्या ५० हजार पौंडांवर ४ टक्के, मग ३, १, ०.५ आणि ५ लाखांच्या वर ०.२५ टक्के. हा हक्क कलाकाराच्या हयातीत आणि नंतर ७० वर्षं चालतो. पण एका विक्रीमागे कमाल १२,५०० पौंड. एप्रिल २०२४ पर्यंत हे आकडे युरोत होते, म्हणजे कमाल १२,५०० युरो. क्लॅप्टनचं चित्र २०१२ मध्ये लंडनला २.१३ कोटी पौंडांना विकलं गेलं तेव्हाही रिश्टरच्या वाट्याला त्याहून जास्त काही येणं शक्य नव्हतं.